लवंगेचं तेल: कसं, किती आणि कुठवर?

रात्रीची जेवणं उरकतात, अंथरुणाला पाठ टेकते आणि नेमकी तेव्हाच दाढ ठणकायला लागते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दिवसभर सोसलेलं दुखणं रात्री सोसवत नाही. दंतवैद्यांचा दवाखाना बंद, औषधांच्या दुकानाचं शटर खाली. अशा वेळी घरातलं कुणीतरी उठतं आणि कपाटातून लवंगेच्या तेलाची बोटभर बाटली काढतं. या औषधाला आजीबाईचा बटवा म्हणून बाजूला सारण्याचं कारण नाही. लवंगेतला जो घटक दुखणं थांबवतो, तोच दंतवैद्य शंभराहून अधिक वर्षं आपल्या सिमेंटमध्ये वापरत आले आहेत.

गोंधळ होतो तो पुढे. मी बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढली, आता आरोग्याविषयी लिहिते. या तेलाबद्दलचे प्रश्न तेव्हा जे होते तेच आजही आहेत. दाढेत किती थेंब टाकायचे? बाळाला दात येताहेत, हिरडीला बोटाने लावू का? पोटात घेतलं तर गॅस मोडतो म्हणतात, चमचाभर घेतलं तर चालेल का? एक बाटली स्वस्त आणि दुसरी तिच्या चौपट महाग, मग खरी कुठली?

या सगळ्या प्रश्नांमागे एकच समजूत असते. लवंग आपल्या मसाल्याच्या डब्यातली, म्हणजे तिचं तेलही घरचंच, निरुपद्रवी. ही समजूत आधी दूर करू, म्हणजे बाकीचे निर्णय सोपे होतील.

बाटलीत नेमकं काय असतं?

लवंग म्हणजे झाडावरची उमलायच्या आत खुडलेली आणि वाळवलेली कळी. चांगल्या प्रतीच्या १०० ग्रॅम लवंगांतून वाफेच्या साहाय्याने १५ ते १७ मिलिलिटर तेल निघतं. मसाल्याच्या फार थोड्या पदार्थांत इतकं तेल असतं. हिशेब करून पाहा: एका लवंगेचं वजन साधारण दहावा हिस्सा ग्रॅम धरलं, तर चहाचा एक चमचा तेल म्हणजे जवळजवळ तीनशे लवंगांचा अर्क. मसालेभाताच्या पातेल्याला आपण चार-पाच लवंगा टाकतो. चमचाभर तेल पोटात घ्यायचं का, या प्रश्नाचं उत्तर या हिशेबातच आहे.

कळीच्या तेलात साधारण ७५ ते ८८ टक्के एकच द्रव्य असतं, त्याचं नाव युजेनॉल. लवंगेचा वास, तिखटपणा आणि जीभ बधिर करण्याचा गुण, सगळा याचाच. ते मज्जातंतूच्या टोकाशी वेदनेचा निरोप काही काळ अडवतं आणि तोंडातल्या जंतूंची वाढ रोखतं. २००६ साली कुवेतमधल्या संशोधकांनी ७३ प्रौढांवर प्रयोग केला. तोंडात सुई टोचण्याआधी कुणाला लवंगेचं जेल लावलं, कुणाला दंतवैद्य वापरतात ते बेंझोकेनचं जेल, तर कुणाला औषध नसलेलं जेल. लवंगेने आणि बेंझोकेनने दुखणं सारखंच कमी झालं. म्हणजे तेल काम करतं यात शंका नाही. मात्र ते वरचं दुखणं दडपतं. आत चाललेली झीज त्याने थांबत नाही.

बाजारात कळीचं, पानाचं आणि काडीचं अशी तीन तेलं मिळतात. पानाच्या आणि काडीच्या तेलातही युजेनॉल भरपूर असतं, कधी कळीपेक्षा जास्तच. पण वास उग्र असतो आणि किंमत कमी. दातासाठी कळीचं तेल घ्या. घरी खोबरेल तेलात लवंगा तापवून करतात ते तेल म्हणजे चौथा प्रकार. त्यात युजेनॉल फार थोडं उतरतं, म्हणून ते सौम्य असतं. या लेखातले थेंबांचे हिशेब विकतच्या शुद्ध तेलाचे आहेत, घरच्या तेलाचे नाहीत.

दाढ दुखते तेव्हा: एकेक पायरी

१. आधी चूळ भरा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला आणि त्या पाण्याने तोंड खळखळून धुवा. दातांच्या फटीत काही अडकलं असेल तर दातांसाठी मिळणाऱ्या धाग्याने काढा. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी नको. कित्येकदा दुखण्याचं कारण फटीत रुतलेली पेरूची बी नाहीतर मटणाचा धागा असतो आणि एवढ्यानेच आराम पडतो.

२. उजेडात, आरशासमोर उभे राहून नेमका कोणता दात आहे ते पाहा. दाताला खड्डा दिसतोय का? हिरडी टपोरलीय का, पू येतोय का, गाल सुजलाय का? सूज किंवा पू असेल तर तेलाच्या भरवशावर राहू नका, खाली दिलेल्या धोक्याच्या खुणा आधी वाचा.

३. छोट्या वाटीत तेलाचा एकच थेंब घ्या. त्यात खोबरेल किंवा तिळाच्या तेलाचे चार-पाच थेंब मिसळा. बाटली थेट तोंडावर उपडी करू नका. घाईत हात हलतो आणि एकाचे आठ थेंब होतात.

४. कापसाचा तुरीच्या दाण्याएवढा बोळा करा, त्या मिश्रणात बुडवा आणि वाटीच्या काठावर दाबून पिळून घ्या. बोळा ओला हवा, ठिबकता नको. ठिबकणारं तेल खड्ड्यात न राहता हिरडीवर उतरतं.

५. स्वच्छ चिमट्याने बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवा. जिभेला, गालाला लागू देऊ नका. तोंड हलकेच मिटा, दात आवळू नका.

६. पहिलं अर्धं मिनिट झोंबेल. तोंडात लाळ भरेल, ती गिळू नका, थुंकत राहा. दोन-तीन मिनिटांत दाताभोवती जड, बधिर वाटायला लागतं आणि ठणक्याची धार उतरते.

७. दहा ते पंधरा मिनिटांनी बोळा काढा आणि चूळ भरा. बोळा तोंडात ठेवून झोपू नका, झोपेत तो घशात जाऊ शकतो.

८. मोठ्या माणसाने दिवसातून तीन वेळांपेक्षा जास्त हे करू नये.

घरात तेल नसेल तर दोन सबंध लवंगा गाल आणि दुखऱ्या दाताच्या मध्ये धरा. लाळेने मऊ झाल्या की हलकेच दाबा. कडाकडा चावू नका, तडा गेलेला दात त्याने पुरता फुटतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. खड्डा दिसत नसेल, दुखणारा दात कॅप बसवलेला असेल किंवा दुखणं हिरडीच्या आत खोलवर असेल, तर तेल तिथवर पोचतच नाही. अशा वेळी ‘तेलाने फरक पडत नाही’ म्हणून लोक थेंब वाढवत जातात आणि हिरडी भाजून बसते. एकदा लावून फरक पडला नाही तर पुन्हा लावण्यात अर्थ नाही. पॅरासिटामॉलची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घ्या आणि गालावर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवा. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

या चुका काउंटरवर रोज पाहिल्या

- हिरडीवर शुद्ध तेल चोळणं. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा चट्टा दिसतो, त्याला लोक ‘तोंड आलंय’ म्हणतात. तो तेलाने भाजल्याचा डाग असतो.
- ॲस्पिरिनची गोळी कुटून दाताजवळ दाबून ठेवणं. तिनेही हिरडी भाजते. गोळी पोटात जाऊनच काम करते.
- बाहेरून गरम शेक. पू झाला असेल तर शेकाने सूज वाढते.
- घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेणं. दुखणं जात नाही, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही.
- मशेरी. ‘दाढ दुखायची म्हणून लावायला लागले’ असं सांगणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दाढ दुखायची थांबते, मशेरी सुटत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाचा रस्ता तिथूनच सुरू होतो.
- भुईरिंगणीच्या बियांची धुरी. धुरीनंतर पाण्यात पडलेलं ‘किडे’ म्हणून दाखवतात, पण दात ‘किडतो’ तो जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने. त्यात अळी नसते. धुराने मात्र तोंड पोळतं.

ठणका थांबला, म्हणजे दात बरा झाला का?

या तेलाचा सर्वांत मोठा धोका असा की ते लागू पडतं. दुखणं थांबलं की माणूस दवाखान्याची वाट विसरतो.

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला खड्डा होता. मला सगळं ठाऊक होतं, तरी दुकानातलं तेल हाताशी, म्हणून तीन महिने तेलावर ढकलले. मग एक दिवस दुखायचं आपोआप थांबलं. मला बरं वाटलं. प्रत्यक्षात दाढेच्या आतला मज्जातंतू मेला होता, म्हणून ती गप्प झाली होती. पुढच्या महिन्यात मुळाशी पू झाला आणि दाढ काढावी लागली. तीन महिन्यांपूर्वी गेले असते तर साध्या भरणावर, फार तर रूट कॅनॉलवर भागलं असतं. म्हणून माझा तुम्हाला आग्रह एवढाच आहे की हे तेल रात्र काढायला वापरा, फार तर सुट्टीचे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दंतवैद्यांची वेळ घ्या, दुखत नसलं तरी.

आणि पुढचं काही दिसलं तर सकाळपर्यंतही थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा:

- गालाची सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली, मानेकडे पसरतेय
- तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो
- थंडी वाजून ताप आलाय, त्यात मधुमेह आहे
- दुखणं खालच्या जबड्यात, त्याबरोबर छातीत जडपणा, घाम किंवा हात भरून येणं. हे दाताचं दुखणं नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा.

पैशाच्या काळजीने दंतवैद्यांकडे जाणं टाळत असाल तर सरकारी दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला. तिथे रांग लागते, पण खर्च खाजगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो. सकाळी लवकर जा.

दंतवैद्यांसमोर बसलात की ‘मी लवंगेचं तेल लावत होतो’ हे आठवणीने सांगा. दाताच्या रंगाचं जे भरण हल्ली करतात, ते नीट घट्ट होण्यात युजेनॉल अडथळा आणतं. खड्ड्यात तेलाचा अंश राहिला तर भरण कच्चं राहतं आणि लवकर निघतं. गंमत अशी की झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट दंतवैद्य स्वतःच भरतात. दवाखान्यात शिरल्यावर येणारा तो ओळखीचा वास याच सिमेंटचा. पण कुठे युजेनॉल चालतं आणि कुठे नाही हे त्यांना ठरवू द्या, आणि ते ठरवण्यासाठी त्यांना खरं सांगा.

लहान मुलं: इथे थेंबही मोठा असतो

बाळाला दात येताना हिरडीवर लवंगेचं तेल लावावं का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ आहे, पातळ करूनही नाही. का, ते आकड्यांतच पाहा.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलची रोजची चालण्याजोगी मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त २.५ मिलिग्रॅम. तेलाच्या एका थेंबात साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम युजेनॉल असतं. साठ किलोच्या माणसाची मर्यादा १५० मिलिग्रॅम, म्हणजे चारेक थेंब. दहा किलोच्या बाळाची मर्यादा २५ मिलिग्रॅम. एक थेंबसुद्धा तिच्या पलीकडे जातो. ही मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा होते असा याचा अर्थ नाही, तिच्यात सुरक्षिततेचं अंतर भरपूर ठेवलेलं असतं. पण मूल थुंकू शकत नाही, लावलेलं सगळं गिळतं, हे लक्षात घ्या. युरोपीय संघाच्या औषध संस्थेने तर लवंग तेलाचा वापर १८ वर्षांखालच्यांसाठी सुचवलेलाच नाही.

खरी भीती बाटली मुलाच्या हाती लागण्याची आहे. १९९३ साली ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी एका दोन वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. त्याने ५ ते १० मिलिलिटर लवंगेचं तेल प्यायलं होतं. मूल बेशुद्ध झालं, आकडी आली, यकृताला इजा झाली, रक्त गोठण्याची क्रिया बिघडली. अतिदक्षता विभागातल्या उपचारांनी ते वाचलं. ५ ते १० मिलिलिटर म्हणजे एक-दोन चमचे. आपल्या घरातली नेहमीची बाटली तेवढीच असते.

मूल तेल प्यायलं तर:

- उलटी करवू नका. मीठ-पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. उलटीबरोबर तेल फुफ्फुसात जाऊ शकतं.
- तोंड ओल्या फडक्याने पुसा.
- बाटली आणि खोका बरोबर घेऊन ताबडतोब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. ‘आता तर खेळतोय’ म्हणून थांबू नका, यकृताला झालेली इजा नंतर दिसते.
- वाटेत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८००-११६-११७ वर फोन करा. हा क्रमांक तुमच्या डॉक्टरांनाही द्या.

दात येणाऱ्या बाळाला काय द्यायचं? फ्रिजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चघळायला द्या, धुतलेल्या बोटाने हिरडी दाबा. एवढं पुरतं.

यांनीही जपून

रक्त पातळ करणारं औषध, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन, चालू असेल तर तेल पोटात अजिबात घेऊ नका. युजेनॉलही रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतं. दातावर एखाद्या वेळी थेंब लावला तर आभाळ कोसळत नाही, पण दाढ काढायची ठरली असेल तर डॉक्टरांना सांगा. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी लवंग स्वयंपाकात खावी, तेल टाळावं. दमा असेल तर वाफाऱ्यात किंवा डिफ्यूझरमध्ये हे तेल घालू नका, श्वासनलिका आकसू शकते. घरात मांजर असेल तरीही डिफ्यूझर नको, मांजराचं यकृत अशी द्रव्यं नीट पचवू शकत नाही.

बाकीचे उपयोग, थोडक्यात

सांधे किंवा पाठ चोळायला: ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात तीन थेंब, त्याहून जास्त नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर वाट पाहा. लाल झालं, खाजलं तर ते तेल तुम्हाला चालत नाही. या तेलाची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

घसा खवखवत असेल तर तेलापेक्षा लवंग चघळणं बरं. पोटातल्या गॅससाठीही तेच. ओव्याचं फूल, कापूर आणि पुदिन्याचं फूल एकत्र केलेली अमृतधारा आणि लवंग तेल यांची पुष्कळजण गल्लत करतात. दोन्हींच्या मात्रा वेगळ्या आहेत, एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावू नका.

डासांना लवंगेचा वास आवडत नाही हे खरं आहे. पण ते दूर राहावेत इतकं तेल लावलं तर कातडी भाजेल. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. केस वाढवण्याच्या दाव्यांवर मी वेळ घालवणार नाही, तुम्हीही पैसे घालवू नका.

बाटली विकत घेताना

कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत लवंगेची झाडं आहेत, कन्याकुमारीच्या लवंगेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण देशात लागणारी बरीचशी लवंग बाहेरून येते. महाग माल आला की भेसळ आलीच. बाटली हातात घेऊन आधी लेबल वाचा:

- दातासाठी घेत असाल तर ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत, उत्पादकाचं नाव-पत्ता असायलाच हवा.
- ‘सुगंधासाठी’, ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं लिहिलेलं तेल तोंडात वापरू नका, कितीही शुद्ध म्हणत असले तरी.
- ‘लवंग सुवास’, ‘लवंग फ्लेवर’ म्हणजे लवंग तेल नव्हे.
- बाटली गडद काचेची हवी. युजेनॉलमुळे साधं प्लास्टिक मऊ पडतं आणि त्याचा अंश तेलात उतरतो.
- १० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली घरात आणण्याची गरज नाही.

घरी आणल्यावर दोन साध्या परीक्षा करता येतात. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, ते स्थिर झालं की वरून अगदी जवळून एक थेंब सोडा. बहुतेक तेलं पाण्यावर तरंगतात, लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं. थेंब क्षणभर पृष्ठभागावर अडकल्यासारखा होईल, मग पिवळसर मण्यासारखा गोल होऊन सरळ तळाला जाऊन बसेल. वर तवंग पसरला तर त्यात खाण्याचं तेल किंवा दुसरं काही मिसळलेलं आहे. दुसरी परीक्षा कागदाची: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि एक-दोन दिवस उघडा ठेवा. शुद्ध तेल हळूहळू उडून जातं, फार तर पिवळट डाग राहतो. भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक, तेलकट डाग राहिला तर भेसळ समजा. या परीक्षांत नापास झालेली बाटली फेकायची असते. पास झाली म्हणून ती शुद्धच असेल असं नाही, कारण स्वस्त युजेनॉल मिसळलेलं तेलही तळाला जातं. म्हणून लेबल आधी.

सबंध लवंगांनाही पाण्याचीच परीक्षा लागू पडते. तेल काढून घेतलेल्या लवंगा पुन्हा वाळवून विकतात. त्या हलक्या होतात आणि पाण्यावर तरंगतात, चांगली लवंग खाली जाते. नखाने दाबल्यावर चांगल्या लवंगेतून तेलाचा ओलावा येतो, चोथा झालेली नुसतीच मोडते.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

पावती घ्याच, पन्नास रुपयांची बाटली असली तरी. पावती नसेल तर पुढचं सगळं अवघड होतं. बाटली, खोका आणि उरलेलं तेल जपून ठेवा, लेबलचे फोटो काढा.

औषधात भेसळ किंवा परवाना क्रमांक नसल्याची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. भेसळीच्या लवंगांबद्दलही तिथेच. पैसे परत न मिळणं, ऑनलाइन मागवलेलं तेल वेगळंच येणं यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तिथे सुटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कर्करोगावर रामबाण’ अशी जाहिरात दिसली तर ती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली गुन्हा आहे, त्याचीही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

बाटली कुठे ठेवायची

उजेड आणि ऊब यांनी तेल जुनं होतं, रंग फिकट पिवळ्याचा गडद तपकिरी होतो आणि ते जास्त झोंबायला लागतं. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. रंग बदलला किंवा मुदत संपली की फेका, पण मोरीत ओतू नका. कागदात मुरवून कचऱ्यात टाका.

आणि आत्ता, हा लेख बाजूला ठेवण्याआधी, तुमच्या घरातली बाटली कुठे आहे ते एकदा बघून या. देवघरातल्या खणात, मसाल्याच्या डब्याशेजारी किंवा खोकल्याच्या औषधाजवळ असेल तर तिथून उचला आणि झाकण घट्ट लावून, मुलांचा हात स्टुलावर चढूनही पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.